मास्कचा नियम दारावर, गिऱ्हाईकाचं मत वहीत: नव्या दुकानदारांसाठी

कोविडच्या साथीत लागू झालेली महाराष्ट्रातली मास्कसक्ती २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी उठली. त्यानंतर ज्यांनी किराणा, बेकरी, सलून किंवा मेडिकल सुरू केलं, त्यांच्यावर दारात उभं राहून गिऱ्हाईकाला ‘मास्क लावा’ म्हणायची वेळ कधी आलेलीच नाही. पुन्हा साथ आली तर ती वेळ येईल, आणि आदेश बहुतेक संध्याकाळी निघून दुसऱ्या दिवसापासून लागू होईल. शिवाय दातांचे दवाखाने, पार्लर, तयार खाद्यपदार्थ पॅक करणारे घरगुती उद्योग, अशा कितीतरी ठिकाणी आजही मालक स्वतःचा मास्कचा नियम ठेवतात. गिऱ्हाईक त्यावर मत देतंच. ते कसं हाताळायचं, ते इथे क्रमाने सांगितलं आहे.

सगळ्याचा पाया एकच आहे. नियम आणि मत यांच्या जागा वेगळ्या ठेवायच्या. नियम उंबरठ्यावर सांगायचा, तिथे चर्चा नाही. मत ऐकायचं, पण ते वहीत उतरवायचं आणि त्यावर बोलायची वेळ वेगळी ठेवायची. दुकानातली बहुतेक भांडणं या दोन गोष्टी एकाच ठिकाणी, एकाच मिनिटात उरकायला गेल्याने होतात.

पहिलं काम: नियम कोणाचा ते शोधा

मास्कचा नियम तीन ठिकाणांहून येऊ शकतो: सरकारी आदेश, जागेच्या मालकाचा नियम (मॉल, सोसायटी, मार्केटची समिती) आणि तुमचा स्वतःचा. गिऱ्हाईकाला यातलं नेमकं कोणतं ते सांगता आलं पाहिजे. स्वतःचा नियम ‘सरकारचा आहे’ म्हणून खपवला आणि समोरच्याने फोनवर आदेश काढून दाखवला, की तुमच्या पुढच्या दहा खऱ्या गोष्टींवरही तो विश्वास ठेवत नाही.

सरकारी आदेश असेल तर बातमीवर थांबू नका, मूळ आदेश वाचा. २०२० पासूनचे असे आदेश साथरोग कायदा १८९७ आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ यांच्या आधारे निघत. त्यात पाच गोष्टी शोधायच्या: कोणी काढला, तारीख, कधीपासून कधीपर्यंत, कोणाला लागू, आणि दंड कोणी भरायचा. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. २७ नोव्हेंबर २०२१ च्या राज्याच्या आदेशात विनामास्क माणसाला ५०० रुपये दंड होता, पण तो ज्या दुकानात सापडेल त्या दुकानाला १०,००० रुपये, आणि दुकानाने स्वतःच नियम पाळले नाहीत तर ५०,००० रुपये. तोंडाला बांधलेला रुमाल मास्क म्हणून धरला जाणार नाही, हेही त्यातच लिहिलं होतं. ‘माझा दंड मी भरीन, तुम्हाला काय करायचंय?’ या वाक्याचं उत्तर त्या आकड्यांत होतं, आणि आदेश न वाचलेल्या दुकानदाराला ते देता येत नव्हतं.

राज्याचा आदेश वाचला की महापालिकेचा किंवा जिल्हाधिकाऱ्यांचाही पाहा. स्थानिक पातळीवर वेळा, दंड, सवलती बदलू शकतात. दोन्हींची छापील प्रत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये गल्ल्याखाली ठेवा आणि लागू ओळीवर पिवळा मार्कर फिरवा. वाद घालणाऱ्याला फोनची स्क्रीन पटत नाही. कागद हातात दिला की आवाज बऱ्यापैकी खाली येतो.

दुसरं: पाटी

‘नो मास्क, नो एंट्री’ एवढीच पाटी अपुरी आहे. ती फक्त नाही म्हणते, मग काय करायचं ते सांगत नाही. आणि ती गल्ल्याजवळ लावली तर आणखी वाईट, कारण तिथवर आलेल्या माणसाला परत फिरवणं म्हणजे चारचौघांत त्याचा अपमान. पाटी उंबरठ्याच्या बाहेर, डोळ्यांच्या उंचीवर, निदान ए-३ कागदावर, दोन-तीन पावलांवरून वाचता येईल अशा अक्षरात हवी. मजकूर साधारण असा:

‘दुकानात नाक आणि तोंड झाकणारा मास्क लावून या. राज्य शासनाचा अमुक तारखेचा आदेश आहे. मास्क नसेल तर डावीकडच्या डब्यातला घ्या, पैसे नाहीत. लावणं शक्य नसेल तर बेल वाजवा, सामान दारात आणून देऊ.’

चार वाक्यं, आणि चौथं सगळ्यात कामाचं. ज्याला आत येता येत नाही तोही गिऱ्हाईकच राहतो. नियम तुमचा स्वतःचा असेल तर दुसऱ्या वाक्याच्या जागी कारण लिहा: ‘इथे गिऱ्हाईकाच्या तोंडाजवळ काम चालतं.’ शासनाचं नाव घालू नका. वस्ती मिश्र असेल तर खाली तेच हिंदीत.

मास्कचा डबा

तीन पदरी सर्जिकल मास्कचा ५० चा बॉक्स दारातच ठेवायचा. मास्क विकायचा नाही, फुकट द्यायचा. विकायला ठेवलात की ‘धंद्यासाठी नियम काढलाय’ हे मत त्याच दिवशी गल्लीत फिरतं. खर्च धरायचा तर असा: दिवसाला १५० गिऱ्हाईकं येतात आणि शंभरात दहा जण विसरून येतात, म्हणजे १५ मास्क. एक बॉक्स तीन दिवस. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्याने तीन पदरी मास्कची कमाल किंमत ४ रुपये ठरवली होती, त्या हिशोबाने रोजचे ६० रुपये. आजचा भाव घाऊक बाजारात विचारून घ्या. वर सांगितलेल्या १०,००० च्या दंडासमोर हा खर्च किरकोळ आहे.

डबा उघडा ठेवला की त्यात सगळे हात घालतात आणि मग ‘हात लावलेला मास्क मी नाही घालणार’ अशी तक्रार येते, ती रास्तच आहे. बॉक्सची फट अर्धी फाडून एकेकच निघेल अशी ठेवा आणि शेजारी सॅनिटायझर. बाहेर पडताना टाकायला पायाने उघडणारी झाकणाची बादली हवी. ती नसली तर वापरलेले मास्क पायरीवर आणि गटारात सापडतात, आणि तक्रार शेजारच्या दुकानातून येते.

तिसरं: दारात काय बोलायचं

बोलणारा माणूस एक ठरवा. सगळ्यात नवा, सगळ्यात लहान पोऱ्या दारात उभा करू नका. पन्नाशीच्या गिऱ्हाईकाला सोळा वर्षांच्या मुलाने टोकलेलं चालत नाही, आणि शिव्या मुलगा खातो. घरचं मोठं माणूस किंवा जुना नोकर उत्तम.

वाक्य छोटं, कामाचं, विनंतीचं. ‘काका, मास्क जरा नाकावर घ्या ना.’ ‘ताई, डब्यातला एक घ्या, पैसे नकोत.’ ‘आजोबा, तुम्ही इथे खुर्चीवर बसा, यादी द्या, मी आणतो.’ का ते सांगत बसू नका. ‘तुमच्याच भल्यासाठी’ तर अजिबात नको. ते ऐकून माणूस हट्टाला पेटतो, कारण आपलं भलं आपल्याला कळतं असं प्रत्येकाला वाटतं. आदेशात दुकानाला दंड असेल तर ‘नाहीतर आम्हाला दंड बसतो’ हे मात्र चालतं. खरं आहे, आणि त्यात समोरच्याला लहान केलेलं नाही. मास्क हनुवटीवर आला असेल तर बोलण्यापेक्षा त्याच्या डोळ्यांत पाहून स्वतःच्या मास्कची पट्टी नाकावर दाबा. ही खूण बहुतेकांना लगेच कळते.

दोनदा सांगायचं. तिसऱ्यांदा सांगायचं नाही, पर्याय द्यायचा: ‘बरं, तुम्ही पायरीवरच थांबा, काय हवं ते सांगा.’ तिसऱ्यांदा तेच वाक्य आलं की ते विनंती राहत नाही, हुकूम होतो.

इथे दुकानं स्वतःच कुठे घसरतात तेही पाहा. मालक फोनवर बोलताना मास्क खाली ओढतो आणि त्याच वेळी गिऱ्हाईकाला टोकतो. हे एकदा दिसलं की पाटीची किंमत शून्य. मास्क ओला झाला की गुदमरायला होतं आणि तो आपोआप हनुवटीवर येतो, म्हणून माणशी दिवसाला दोन-तीन मास्क धरा, ओला झाला की बदला. चष्मेवाल्यांचा चष्मा धुरकटतो तो वरची तार नाकावर नीट न दाबल्यामुळे.

गिऱ्हाईक मास्क खाली ओढतं त्याला बऱ्याचदा दुकानच कारण असतं. ऐकू जात नाही म्हणून ते बोलायला तोंड उघडं करतं. काउंटरवर प्लास्टिकचा पडदा, मागे फ्रिजची घरघर, वर पंखा, शेजारी गाणी. ‘अर्धा किलो तूरडाळ’ तीनदा ओरडूनही पोचली नाही की मास्क खाली येणारच. गाणी बंद करा, पडद्याला तोंडाच्या उंचीला नव्हे तर हाताच्या उंचीला फट ठेवा, यादी लिहायला पाटी-पेन्सिल किंवा कागदाचे तुकडे ठेवा. एवढ्याने टोकायची वेळच बरीच कमी होते. नियमावरची चर्चा करण्यापेक्षा आवाजाची सोय करणं जास्त फळाला येतं, आणि नेमकं तेच सगळे विसरतात.

ज्यांना खरोखर जमत नाही

लहान मुलं, श्वासाचा त्रास असलेले, ओठ वाचून बोलणं समजून घेणारे. केंद्राच्या आरोग्य खात्याच्या सूचनांत पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्कची शिफारस नव्हती, म्हणून कडेवरच्या बाळासाठी आईला अडवू नका. मोठ्यांकडे दाखला मागू नका. तो तपासायचा तुम्हाला अधिकार नाही आणि आजार चारचौघांत सांगायला लावणं वाईट. ‘दारात देऊ का, घरी पोचवू का, की दुपारी दोन ते चार गर्दी नसते तेव्हा याल?’ एवढं विचारा. खोटं बोलून सवलत घेणारे काही निघतील, निघू देत. त्यांनाही सामान दारातच मिळणार आहे, त्यामुळे नियम मोडत नाही. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी गल्ल्यावर वही-पेन ठेवा, नाहीतर एका नोकराला तोंडाजवळ पारदर्शक भाग असलेला मास्क द्या.

चौथं: मताची वही

साधी दोनशे पानी वही. रकाने पाच: तारीख-वेळ, गिऱ्हाईक काय बोललं ते त्याच्याच शब्दांत, खूण, आपण काय उत्तर दिलं, पुढे काय केलं. नाव, मोबाईल, आजार काहीही लिहायचं नाही. वही गिऱ्हाईकाच्या देखत उघडा आणि म्हणा, ‘तुमचं म्हणणं लिहून घेतो, सोमवारी आम्ही सगळं वाचतो.’ भांडायला आलेल्या माणसाला आपलं वाक्य कागदावर उतरताना दिसलं की तो ते पुन्हा नीट, कमी शब्दांत सांगतो.

खुणा चार पुरेत. ‘न’ म्हणजे नियमच नको. ‘क’ म्हणजे नियम कमी पडतोय, इतर कोणी पाळत नाही. ‘अ’ म्हणजे अडचण. ‘व’ म्हणजे तुमच्या माणसांची वागणूक. वहीतलं एक पान असं दिसेल:

‘सकाळी ११.१०. “भाजीवाल्याला कोणी विचारत नाही, आम्हालाच का?” न? सांगितलं: आदेश दोघांनाही आहे, आम्ही आमच्या दुकानापुरतं पाहतो. नंतर कळलं, दारावरच्या पोराने ‘ओ, मास्क!’ म्हणून हाक मारली होती. खूण बदलून व.’

त्या ‘न’पुढच्या प्रश्नचिन्हाकडे लक्ष द्या. वरून ‘न’ वाटणारी तक्रार नीट ऐकली की पुष्कळदा ‘व’ निघते. नियम बदलणं तुमच्या हातात नसतं, हाक मारायची पद्धत असते. म्हणून लगेच खूण पक्की करू नका, संध्याकाळी शटर ओढताना करा.

उत्तर खुणेप्रमाणे द्यायचं. ‘न’ला फक्त नियम कोणाचा ते आणि पर्याय. विज्ञानाचा वाद घालू नका, गल्ल्यावर तो कोणीही जिंकत नाही. ‘क’ला आभार, आणि त्याच दिवशी काहीतरी दिसेल असं करा, दुकानात एका वेळी चारच माणसं किंवा बसायची जागा लांब. ‘अ’ला सोय. ‘व’ला माफी, आणि ती मालकाने मागायची, नोकराला पुढे ढकलून नव्हे.

आता वहीचा दोष. तिच्यात फक्त बोलणारे येतात. विनामास्क गर्दी पाहून जी आजी पायरीवरूनच परत गेली, ती तुमच्याशी भांडली नाही, ती फक्त पुन्हा आली नाही. कडक नियमाची तक्रार मोठ्याने होते आणि ढिलाईची तक्रार गप्प असते. वहीत वीस ‘न’ आणि दोन ‘क’ दिसले म्हणून लोकांना नियम नकोय असा अर्थ काढाल तर चुकाल. महिन्यापासून न दिसलेल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना फोन करा: ‘काकू, बऱ्याच दिवसांत आला नाहीत, सगळं ठीक ना? दुकानात काही बदलायला हवं का?’ मास्कचं नाव आपण काढायचं नाही. त्यांनी काढलं तर लिहायचं.

पाचवं: मत विचारायचं असेल तर

सरकारी आदेश लागू असताना मतदान घेऊ नका. जे बदलू शकत नाही त्यावर मत मागणं ही फसवणूक होते. नियम तुमचा असेल तेव्हाच विचारा, आणि तुमच्या हातात आहे तेवढंच. ‘मास्कसक्ती असावी का?’ हा प्रश्न राजकारणाचा होतो. ‘सलूनमध्ये कारागिरांनी मास्क लावला तर तुम्हाला यायला सोपं जाईल, अवघड जाईल, की फरक पडत नाही?’ हा कामाचा.

व्हॉट्सअ‍ॅपवर विचारायचं तर ग्रुपवर नको. ग्रुपवर सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, पहिली दोन उत्तरं बाकीच्यांना ओढतात आणि रात्री अकराला दोन गिऱ्हाईकं एकमेकांशी भांडतात. ब्रॉडकास्ट यादी वापरा, उत्तर फक्त तुम्हालाच येतं. मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो संदेश पोचत नाही, म्हणून गल्ल्यावर चिठ्ठ्यांचा डबाही ठेवा.

गुगलवरचा एक तारा

रागाने लिहिलेल्या रिव्ह्यूला त्याच रात्री उत्तर देऊ नका, सकाळी द्या. चार ओळी पुरेत, आणि त्या रिव्ह्यू लिहिणाऱ्यापेक्षा तो पुढे वाचणाऱ्यांसाठी लिहायच्या: ‘नमस्कार. तुम्हाला दारात थांबावं लागलं आणि बोलणं खटकलं, त्याबद्दल क्षमस्व. अमुक तारखेच्या आदेशामुळे मास्कशिवाय आत घेता येत नव्हतं. दारात आणि घरपोच सामान देण्याची सोय आहे. बोलण्याबद्दल आमच्या माणसांशी बोललो आहोत.’ शेवटचं वाक्य खरं असेल तरच. ‘तुम्ही खोकत होता’ असलं काही जाहीर लिहू नका, बरोबर असलात तरी. नातेवाईकांकडून पाच तारे टाकून घेऊ नका, ते नियमबाह्य आहे आणि ओळखूही येतं. शिवीगाळ असेल किंवा दुकानाशी संबंध नसलेलं राजकीय भाषण असेल तर गुगलकडे तक्रार करता येते. नुसतं मत पटलं नाही म्हणून ते काढलं जात नाही.

सवलतीमागचं कारण माहीत ठेवा

नियमात विसंगती दिसली की मतं सगळ्यात तिखट होतात. २८ जून २०२० ला महाराष्ट्रात सलून उघडली तेव्हा केस कापायला परवानगी होती आणि दाढीला नव्हती. ‘खुर्ची तीच, माणूस तोच, मग दाढी का नाही?’ हा प्रश्न प्रत्येक कारागिराला आला. दाढीला मास्क काढावा लागतो आणि कारागिराचं तोंड गिऱ्हाईकाच्या तोंडापासून हातभरही लांब नसतं, हे ज्याला सांगता आलं त्याला गिऱ्हाईकाने समजून घेतलं. ‘वरून आलंय’ म्हणणाऱ्याला नाही.

दुसरं नेहमीचं उदाहरण व्हॉल्व्हच्या एन-९५ चं. ‘माझा तर सगळ्यात भारी आहे.’ पण त्या व्हॉल्व्हमधून बाहेर सोडलेला श्वास गाळला जात नाही. जुलै २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने राज्यांना पत्र लिहून याबद्दल सावध केलं होतं. मास्क काढायला लावू नका, वरून तीन पदरी लावायला द्या.

भांडण हाताबाहेर गेलं तर

अंगाला हात लावायचा नाही, हातातली पिशवी ओढायची नाही, मोबाईलवर शूटिंग करून गावभर फिरवायचं नाही. दोन माणसं पुढे न जाता एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी इतर गिऱ्हाइकांना बाजूला घ्यायचं. धमकी किंवा मारहाण झाली तर ११२. दंड वसूल करायचा अधिकार दुकानदाराला नाही, त्यामुळे ‘२०० रुपये टाका आणि आत या’ असला तोडगा काढू नका. आणि तुमच्याकडे दंड मागायला कोणी आलं तर ओळखपत्र पाहा, पावतीशिवाय पैसे देऊ नका.

नियम उठेल त्या दिवशी

पाटी त्याच संध्याकाळी उतरवा. शिळी पाटी लटकत राहिली की दुसऱ्या दिवशी सकाळीच तंटा. तिच्या जागी पंधरा दिवस दुसरी लावा: ‘मास्क आता ऐच्छिक आहे. लावणाऱ्याला आणि न लावणाऱ्याला आम्ही काही विचारत नाही.’ कारण या दिवशी मतं उलटतात. कालपर्यंत ‘का लावायचा’ म्हणणारे आज लावणाऱ्याला ‘अजून काय लावलाय’ म्हणून छेडतात, आणि त्या माणसाच्या घरी कदाचित केमोथेरपी चालू असते. नोकरांना बजावून ठेवा, या विषयावर थट्टा नको. उरलेले बॉक्स कोरड्या जागी झाकून ठेवा आणि मागणाऱ्याला देत राहा.

फोल्डरमधल्या जुन्या आदेशांवर ‘रद्द’ आणि तारीख लिहा, पण फेकू नका. एखादी दंडाची पावती किंवा नोटीस महिन्यांनी समोर आली तर त्या दिवशी कोणता आदेश लागू होता ते त्यातूनच सांगता येतं. वहीतली ‘अ’ आणि ‘व’ची पानं वेगळ्या दोऱ्याने बांधून ठेवा. पुढचा आदेश येईल तेव्हा पाटी लिहायला बसण्याआधी ही पानं काढा.